‘जागा संपली’ म्हणणारी टीव्ही स्टिक : नवी घेण्याआधी हे करून बघा

टीव्हीच्या पडद्यावर मध्येच एक चौकट येते. उपकरणातली जागा फार कमी उरली आहे, काही ॲप काढून टाका, असं ती इंग्रजीत सांगते. घरातलं कोणीतरी रिमोटचं बटण दाबून ती घालवतं आणि मालिका पुढे सुरू होते. दोन दिवसांनी ॲप उघडायला मिनिटभर लागतं. मग चालू कार्यक्रम मध्येच बंद पडून थेट पहिल्या पानावर यायला लागतो. आठवड्याभरात घरात एकमत होतं की स्टिक गेली, आता नवी आणावी लागणार.

पालकांकडून, शेजाऱ्यांकडून, नातेवाइकांकडून ही तक्रार आम्ही इतक्यांदा ऐकली आहे की एकदा सविस्तर लिहावं असं वाटलं. कारण दहापैकी बहुतेक वेळा स्टिक बिघडलेली नसते. ती फक्त भरलेली असते. आणि ती भरण्याचं कारण लोकांना वाटतं ते नसतंच. त्यामुळे उपायही चुकीचे होतात, आणि त्या चुकीच्या उपायांनी मूळ तक्रारीपेक्षा मोठी तकलीफ होते. दुकानात नेली तर तीन-चार हजारांची नवी गळ्यात पडते. घरीच कोणा हुशार पोराच्या हातात दिली तर तो असं काही बटण दाबतो की सगळी खाती बाहेर पडतात आणि परत आत जायला ओटीपी कोणाच्या फोनवर येणार, याचा शोध सुरू होतो.

आम्ही इथे मुख्यतः ॲमेझॉनच्या फायर टीव्ही स्टिकबद्दल बोलणार आहोत, कारण आपल्याकडे ती घरोघरी दिसते. गुगल टीव्ही, शाओमीची स्टिक किंवा टीव्हीतच अँड्रॉइड असेल, तरी तत्त्व तेच. मेन्यूतली नावं थोडी वेगळी असतील, एवढंच.

आठ जीबी म्हणजे नेमकं किती?

साधी फायर टीव्ही स्टिक 8 जीबीची येते. तिच्या वरची फोर-के स्टिकही 8 जीबीचीच. गुगलने 2020 मध्ये आणलेल्या क्रोमकास्टमध्येही 8 जीबीच होते, शाओमीच्या स्टिकमध्येही तेवढेच. आज साधा पेन ड्राइव्हही 32 जीबीचा मिळतो आणि हातातल्या फोनला 128 जीबी असतात. त्या मानाने ही जागा म्हणजे एका खोलीतला संसार आहे.

त्यातही आठच्या आठ आपल्या वाट्याला येत नाहीत. उपकरण चालवणारी सिस्टीम, कंपनीने आधीच भरून दिलेली ॲप, अपडेटसाठी राखून ठेवलेली जागा, हे सगळं आधी बसतं. फायर स्टिकवर आपल्यासाठी साधारण पाच जीबीच्या आसपास उरतात, त्या क्रोमकास्टवर तर साडेचारसुद्धा नाहीत. घर घेताना बिल्डर जी जागा सांगतो आणि आत गेल्यावर जी चटई पसरता येते, त्यातला फरक आपल्याला माहीत आहेच. तोच हिसाब इथे.

आता लोकांचा पहिला गैरसमज. “आम्ही रोज सिनेमे बघतो, म्हणून ती भरली असेल.” नाही. ऑनलाइन बघितलेला सिनेमा स्टिकमध्ये साठत नाही. नळाखाली हात धरला तर पाणी हातावरून वाहून जातं, घागर भरत नाही, तसं आहे हे. पुढचे काही क्षण अडखळू नयेत म्हणून व्हिडिओचा छोटासा भाग आधी ओढून ठेवला जातो आणि तो दाखवून झाला की टाकून दिला जातो. रात्रभर यूट्यूब चालू ठेवलं, रमजानमध्ये हरम शरीफची तरावीह रोज थेट बघितली, तरी त्याने कपाट भरत नाही. (इंटरनेटचा डेटा संपतो, तो भाग निराळा.) त्यामुळे “जागा वाचवायची म्हणून टीव्ही कमी बघा” असं जे घरातली मोठी माणसं मुलांना सांगतात, ते दुसऱ्या कारणांसाठी जरूर सांगावं. या कारणासाठी सांगण्यात अर्थ नाही.

दुसरा घोटाळा रॅम आणि स्टोरेजचा. दुकानदारही हे दोन शब्द एकमेकांच्या जागी वापरताना दिसतात. आम्ही वर्गात सांगतो तसं सांगतो. रॅम म्हणजे फळा, स्टोरेज म्हणजे वर्गातलं कपाट. फळ्यावर चालू तासाचं लिहिलं जातं आणि तास संपला की पुसलं जातं. कपाटात वह्या, नकाशे, हजेरीपट वर्षानुवर्षं पडून राहतात. स्टिक बंद करून चालू केली की फळा पुसला जातो, म्हणून ती थोडा वेळ चपळ वाटते. कपाट मात्र जसंच्या तसं भरलेलं असतं. “रीस्टार्ट केलं की दोन दिवस बरं चालतं, मग पुन्हा तेच,” असं जे सांगतात, त्यांचं कपाट भरलंय असं समजायला हरकत नाही.

मग भरतं कशाने?

ॲपने, आणि ॲपच्या मागे साचणाऱ्या पसाऱ्याने.

एक ॲप टाकलं तेव्हा समजा ते शंभर एमबीचं होतं. ते चालायला लागलं की पोस्टरची चित्रं, मेन्यू, पूर्वी उघडलेल्या पानांचे तुकडे स्वतःजवळ साठवतं, म्हणजे पुढच्या वेळी पटकन उघडता यावं. या साठ्याला कॅशे म्हणतात. (इंग्रजीत उच्चार ‘कॅश’, पण पैशाशी त्याचा संबंध नाही.) याशिवाय आपलं खातं, निवडलेली भाषा, मुलांसाठीची सेटिंग, हेही ते लिहून ठेवतं. त्याला डेटा म्हणतात. सहा महिन्यांत शंभर एमबीचं ॲप तीनशेचं होऊन बसलेलं असतं. अशी पंधरा-वीस ॲप झाली की पाच जीबी कुठे गेले ते कळतं.

यात भर घालायला आपल्याकडच्या कंपन्यांच्या उलथापालथी आहेत. वूट 2023 मध्ये जिओसिनेमात विलीन झालं. मग फेब्रुवारी 2025 मध्ये जिओसिनेमा आणि हॉटस्टार एकत्र होऊन जिओहॉटस्टार झालं. नावं बदलली, चिन्हं बदलली, पण ज्यांनी पूर्वी ही ॲप टाकली होती त्यांच्या कित्येक स्टिकमध्ये जुनं एखादं अजून पडून असतं. उघडलं तर काही चालत नाही, जागा मात्र अडवून बसलंय. क्रिकेटच्या एका मोसमासाठी टाकलेलं, एका मालिकेसाठी टाकलेलं, महिनाभराच्या फुकट ऑफरसाठी टाकलेलं, अशी ॲप शोधली तर प्रत्येक घरात चार-पाच निघतात.

मुलांनी टाकलेले खेळ हा आणखी एक प्रकार. टीव्हीच्या रिमोटवर गाडी चालवण्याचा खेळ दोन दिवस खेळला जातो, नंतर कोणी बघत नाही. व्हिडिओच्या ॲपपेक्षा खेळ बरेचदा कितीतरी जड असतो.

आणि एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी. ॲपला अपडेट होताना स्वतःच्या आकारापेक्षा जास्त जागा लागते. नवी आवृत्ती आधी उतरते, मग बसते आणि त्यानंतर जुनी हटते. म्हणजे नवं कपाट खोलीत आणल्याशिवाय जुनं बाहेर काढता येत नाही. जागाच नसेल तर अपडेट अर्ध्यात अडकतं, ॲप जुनंच राहतं आणि काही दिवसांनी ते जुनं ॲप “मला अपडेट करा” म्हणून चालायचं थांबतं. स्टिक “गेली” असं वाटण्याचं खरं कारण अनेकदा हे असतं. म्हणून पूर्ण भरेपर्यंत वाट न बघता पाचशे एमबी ते एक जीबी जागा नेहमी मोकळी ठेवावी, असं आमचं मत आहे.

आधी बघा, मग हात लावा

फायर स्टिकवर सेटिंग्जमध्ये जा, तिथे ‘माय फायर टीव्ही’, त्यात ‘अबाउट’, त्यात ‘स्टोरेज’. एकूण किती आणि मोकळी किती ते दिसेल. गुगल टीव्हीवर सेटिंग्ज, सिस्टीम, स्टोरेज. काही अँड्रॉइड टीव्हीवर हेच ‘डिव्हाइस प्रेफरन्सेस’च्या आत सापडतं. आकडा कागदावर लिहून ठेवा. गंमत वाटेल, पण प्रत्येक पायरीनंतर तो किती वाढला हे बघितलं की कुठे थांबायचं ते आपोआप कळतं. बहुतेकांचं काम पहिल्या दोन पायऱ्यांतच होतं, आणि तरीही ते शेवटच्या पायरीपर्यंत पळत जातात.

फायर स्टिकवर परत मागे येऊन ‘ॲप्लिकेशन्स’मध्ये ‘मॅनेज इन्स्टॉल्ड ॲप्लिकेशन्स’ उघडा. सगळ्या ॲपची यादी येते. एखाद्यावर गेलात की त्याचा आकार, डेटा आणि कॅशे असे वेगवेगळे आकडे दिसतात. यादी वरपासून खालपर्यंत एकदा नुसती वाचा. घरातल्या सगळ्यांना सोबत बसवून वाचलीत तर उत्तम, कारण “हे कोण वापरतं?” या प्रश्नाला एकट्याने दिलेलं उत्तर नंतर भांडणाचं कारण होतं.

जे कोणीच वापरत नाही ते ‘अनइन्स्टॉल’ करा. सगळ्यात जास्त जागा इथेच सुटते आणि नुकसान जवळजवळ काहीच नसतं, कारण ॲप पुन्हा हवं झालं तर पुन्हा उतरवता येतं. पैसे देऊन घेतलेलं ॲपही आपल्या खात्याला जोडलेलं राहतं. फक्त एक जरूर ध्यानात घ्या. ॲप काढलं म्हणजे त्याची वर्गणी बंद झाली, असं नाही. यूपीआय किंवा कार्डावर ऑटोपे लावलेलं असेल तर ॲप टीव्हीवर नसतानाही दर महिन्याला पैसे कापले जातील. म्हणून पैसे भरलेलं ॲप काढण्याआधी त्याची वर्गणी त्या त्या खात्यात जाऊन, आणि ऑटोपे फोनवरच्या पेमेंट ॲपमध्ये जाऊन बंद करा. काही घरांत तर जागेच्या निमित्ताने यादी वाचताना अशी एखादी विसरलेली वर्गणी सापडते. ती फायद्याचीच बाब.

काही ॲप काढताच येत नाहीत. फायर स्टिकवर प्राइम व्हिडिओ आणि कंपनीची इतर स्वतःची ॲप राहणारच. गुगल टीव्हीवर आधीपासून असलेली काही ॲप ‘डिसेबल’ करता येतात, म्हणजे ती झोपतात आणि त्यांचे साचलेले अपडेट निघून जातात. त्यातही ज्याचं नाव ओळखीचं नाही, जे सिस्टीमचं वाटतं, त्याला हात लावू नये.

कॅशे आणि डेटा : फरक कळला नाही तर पंचाईत

राहिलेल्या ॲपमध्ये ज्यांचा कॅशे मोठा आहे, त्यांवर जाऊन ‘क्लिअर कॅशे’ दाबा. हे बटण निर्धास्तपणे दाबा. खातं बाहेर पडत नाही, कुठपर्यंत बघितलं ते पुसलं जात नाही. फक्त पुढच्या वेळी ॲप उघडताना पोस्टर पुन्हा उतरतील, म्हणून एखाद-दोन वेळा ते थोडं सुस्त वाटेल. जागा फार कमी झाली की सिस्टीम स्वतःही कॅशे पुसते, पण ती अगदी गळ्याशी आल्यावर जागी होते. महिन्यातून एकदा आपणच केलेलं बरं. रोज करण्याची गरज नाही. रोज पुसाल तर ॲप रोज तेच सगळं पुन्हा उतरवेल आणि काम वाढेल.

त्याच पानावर, अगदी शेजारी, ‘क्लिअर डेटा’ आहे. खरी गडबड इथे होते. हे बटण ॲपला पहिल्या दिवसासारखं कोरं करतं. खातं बाहेर पडतं, भाषा आणि इतर सेटिंग जातात. दोन्ही बटणं सारखी दिसतात, दोन्हींत ‘क्लिअर’ आहे, आणि दुसऱ्याने जास्त जागा सुटते, म्हणून घाईत माणूस ते दाबतो.

शहरात, जिथे खातं स्वतःचं आणि फोन स्वतःच्या हातात, तिथे याने पाच मिनिटांचं काम वाढतं इतकंच. पण आपल्या कितीतरी घरांत तशी स्थिती नसते. रत्नागिरी, रायगडकडच्या गावांतून मुलगा दुबईला किंवा कुवेतला नोकरीला असतो. सुट्टीवर आला तेव्हा त्याने अम्मी-अब्बांसाठी टीव्हीला स्टिक लावून दिली. खाती त्याच्या नंबरवर, त्याच्या ईमेलवर, वर्गणी त्याच्या कार्डावर. तो परत गेला. इथे पुतण्याने जागा करण्यासाठी एका संध्याकाळी चार-पाच ॲपवर ‘क्लिअर डेटा’ दाबलं. आता प्रत्येक ॲप मोबाइल नंबर विचारणार आणि ओटीपी तिकडे जाणार. मुलगा ड्युटीवर, फोन लॉकरमध्ये. ओटीपीची मुदत काही मिनिटांची. कधी कधी त्याने इथला भारतीय नंबर रिचार्ज न केल्याने तो बंदच पडलेला असतो, आणि मग ओटीपी कुठेच जात नाही. घरी एकट्या असलेल्या म्हाताऱ्या माणसांचा दिवसभराचा सोबती असा आठवडाभर काळा पडदा होऊन बसतो. आणि ते मुलाला सांगतही नाहीत, परदेशात त्याला कशाला त्रास म्हणून.

म्हणून आमचा साधा कायदा असा : खातं ज्याच्या नंबरवर आहे तो माणूस फोन हातात घेऊन शेजारी बसलेला नसेल, किंवा निदान व्हिडिओ कॉलवर नसेल, तर ‘क्लिअर डेटा’ला हात लावायचा नाही. ज्यांची मुलं बाहेर आहेत त्यांनी मुलगा सुट्टीवर येईल तेव्हा एक काम करून घ्यावं. कोणतं ॲप कोणाच्या नंबरवर किंवा ईमेलवर आहे, हे एका वहीत लिहून घ्यावं. शक्य असेल तिथे घरातल्या कायम चालू असलेल्या नंबरावर खातं करून घ्यावं. पासवर्ड वहीत लिहिण्याची सवय आम्हाला फारशी पसंत नाही, पण नंबर आणि ईमेल लिहायला काहीच हरकत नाही.

‘क्लिअर डेटा’ खरंच कधी लागतं? एखादं ॲप उघडताच बंद पडतंय, अपडेट करूनही सुधारत नाही, किंवा त्याच्या ‘डेटा’चा आकडा अवाच्या सवा फुगलाय, अशा वेळी. तेही त्या एका ॲपपुरतं. बघितलेल्या कार्यक्रमांची नोंद बहुतेक मोठ्या ॲपमध्ये कंपनीच्या सर्व्हरवर असते, त्यामुळे पुन्हा लॉगइन केलं की ती परत येते. याला अपवाद कोडीसारखी ॲप, जी सगळी मांडामांड स्टिकमध्येच ठेवतात. लग्नाचे, घरचे व्हिडिओ लावण्यासाठी ज्यांनी कोडी घेतलंय, त्यांच्याकडे चित्रांचा साठा बराच मोठा होतो, पण डेटा पुसला तर आपण केलेली सगळी जुळवणीही जाते.

न दिसणारी अडगळ

यादीत न दिसणारी एक अडगळ असते. ती म्हणजे बाहेरून आणलेल्या ॲपच्या फाइली. कोणी ‘डाउनलोडर’सारखं ॲप वापरून एखादी एपीके फाइल उतरवली आणि बसवली, तर ॲप बसल्यावरही मूळ फाइल आत पडून राहते. बसवल्यावर ‘डिलीट’ म्हणायचं असतं, पण लोक ‘डन’ म्हणून पुढे जातात. ‘डाउनलोडर’ उघडून ‘फाइल्स’मध्ये गेलात की त्या सापडतील. पोती रिकामी झाली तरी ती घरात ठेवण्यासारखंच हे. पुसून टाका, ॲपला काही होत नाही.

पण इथे थांबून एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर “सगळे चॅनेल फुकट”, “आजची मॅच फुकट” म्हणून ज्या एपीके फिरतात, त्या टीव्हीवर टाकू नका. चोरीचा माल, हा एक मुद्दा झालाच. दुसरा मुद्दा असा, की ज्या स्टिकवर आपण त्या टाकतो तिच्यावर आपलं खरेदीचं खातं असतं आणि ती घरातल्या वाय-फायला जोडलेली असते, ज्यावर आपले फोन आणि बँकेची ॲपही चालतात. जून 2025 मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने बॅडबॉक्स 2.0 नावाच्या प्रकाराबद्दल जाहीर इशारा दिला होता. स्वस्तातले अनोळखी टीव्ही बॉक्स आणि तशीच इतर उपकरणं आधीपासूनच किंवा अनधिकृत ठिकाणच्या ॲपमधून बाधित होतात आणि गुन्हेगार घरच्या इंटरनेटचा वापर आपल्या कामासाठी करतात, असा तो इशारा होता. म्हणजे गुन्हा तिसऱ्याचा आणि इंटरनेटचा पत्ता आपल्या घराचा.

याच पंगतीत ‘क्लीनर’, ‘बूस्टर’ नावाची ॲप बसतात. जागा करून देतो म्हणतात आणि आधी स्वतःच जागा घेतात. जाहिराती दाखवतात, पाठीमागे चालत राहतात. जे काम सेटिंग्जमधल्या एका बटणाने होतं त्यासाठी अनोळखी माणसाला घराची किल्ली कशाला द्यायची?

बाहेरून जागा जोडता येते का?

कधी कधी. टीव्हीलाच यूएसबीचं तोंड असेल आणि आत अँड्रॉइड असेल तर पेन ड्राइव्ह लावून काही ॲप त्यावर हलवता येतात. स्टिकला मात्र वीज घेण्याचं एकच तोंड असतं, त्यामुळे वीज आणि पेन ड्राइव्ह दोन्ही जोडणारी ओटीजी केबल किंवा हब लागतो, आणि आपलं मॉडेल ते मानतं की नाही हे आधी तपासावं लागतं. ड्राइव्ह ‘इंटर्नल’ म्हणून जोडला तर त्यावरचं आधीचं सगळं पुसलं जातं आणि तो त्या उपकरणाशी बांधला जातो. मध्येच कोणी उपटला की त्यावरची ॲप बंद. लग्नाचे फोटो असलेला एकुलता एक पेन ड्राइव्ह या कामाला लावू नका, हे वेगळं सांगायला नको. शिवाय हळू चालणाऱ्या पेन ड्राइव्हवरून ॲपही हळूच चालणार. आम्हाला विचाराल तर हा उपाय हौशी माणसांचा आहे. चार ॲप कमी केली की त्याची गरज राहत नाही. आणि बाजारात पाच-सहाशे रुपयांत ‘2 टीबी’ लिहिलेले जे पेन ड्राइव्ह मिळतात, ते बनावट असतात. आकडा मोठा दाखवतात, आत जागा तेवढी नसते, आणि भरलेलं मागून गायब होतं.

ॲप कमी ठेवण्याची एक सोपी वाट अशी की वेगवेगळ्या कामांसाठी वेगवेगळी ॲप घेण्याआधी यूट्यूबवर ती गोष्ट आहे का ते बघावं. बातम्यांची वाहिनी, दहावीच्या गणिताचे धडे, मुलांच्या गोष्टी, तिलावत, स्वयंपाक, या सगळ्यासाठी स्वतंत्र ॲप टाकलेली घरं आम्ही बघतो, आणि हे सगळं एका यूट्यूबवर मिळतं. मुलं खेळ टाकत असतील तर फायर स्टिकच्या ‘प्रेफरन्सेस’मध्ये ‘पॅरेंटल कंट्रोल्स’ आहे, तिथे पिन लावता येतो. पिन मुलांना माहीत नसावा, एवढी अट.

स्वयंचलित अपडेट बंद केले की जागा वाचते, असा सल्लाही फिरतो. आम्ही तो देणार नाही. अपडेटमध्ये सुरक्षेची डागडुजी असते, आणि जुनं राहिलेलं ॲप कधीतरी चालायचं थांबतंच.

सगळं केल्यावरही नाहीच जमलं तर

इतकं करून रिमोटवरचं मधलं बटण आणि प्ले-पॉज एकत्र पाचेक सेकंद दाबून धरा. स्टिक नव्याने सुरू होईल. आता आधी लिहून ठेवलेला आकडा आणि आताचा आकडा ताडून बघा. एक जीबीच्या आसपास मोकळी असेल तर काम झालं.

फॅक्टरी रीसेट हा अखेरचा उपाय. त्याने स्टिक दुकानातून आणली तशी होते, म्हणजे सगळी ॲप, सगळी खाती, वाय-फाय, सगळंच नव्याने. वर सांगितलेला ओटीपीचा प्रश्न इथे एका नाही, प्रत्येक ॲपसाठी उभा राहणार. ते करायचंच असेल तर सुट्टीच्या दिवशी, खात्यांचे मालक हाताशी असताना करा, आणि नंतर जुनी सगळी ॲप परत भरू नका. रोज लागणारी पाच-सहा पुरेत.

आणि खरंच नवं घ्यायची वेळ आली, स्टिक फार जुनी आहे आणि मुख्य ॲपच तिच्यावर चालेनाशी झाली आहेत, तर डब्यावर फोर-के लिहिलंय की नाही याआधी स्टोरेजचा आकडा वाचा. 8 जीबीची पुन्हा घेतलीत तर ती वर्षा-दोन वर्षांत पुन्हा भरेल. ॲमेझॉनची 2023 ची फोर-के मॅक्स 16 जीबीची आहे, गुगलचा 2024 चा टीव्ही स्ट्रीमर 32 जीबीचा आहे. भारतात काय मिळतं आणि कितीला, ते घेण्याच्या दिवशी बघावं. रॅमचा आकडा स्टोरेज म्हणून सांगितला जात नाही ना, हेही विचारून घ्या.

जुनी स्टिक कोणा नातेवाइकाला किंवा मदरशा-शाळेला द्यायची असेल तर आधी ‘माय फायर टीव्ही’मधून फॅक्टरी रीसेट करा आणि आपल्या ॲमेझॉन खात्याच्या उपकरणांच्या यादीतूनही ती काढून टाका. तसं न करता दिली तर तिच्यावर होणारी खरेदी आपल्या खात्यावर पडू शकते, आणि आपण काय काय बघतो हे नव्या घरातल्या सगळ्यांना पहिल्या पानावरच दिसेल.